गोलघुमटाचा फोटो काही केल्या येत नाही

मागच्या डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न होतं सोलापूरला. लग्न झालं, पाठवणी झाली, दुसऱ्या दिवशी घरात उरलेल्या बुंदीचं पातेलं आणि पाय दुखणारी माणसं एवढंच शिल्लक. माझी पुण्याची गाडी रात्रीची, त्यामुळे दिवसभर लोळायचं ठरवलेलं. तर सकाळी साडेसहाला मामा पांघरूण ओढतायत, "ऊठ की बे, विजापूरला जाऊन येऊ. शंभर किलोमीटर तर आहे. गोलघुमट बघितलायस का तू?"

बघितला होता ना, शाळेच्या पुस्तकात, टपाल तिकिटाएवढ्या काळ्यापांढऱ्या फोटोत.

आता माझी गंमत अशी की मी एरवी फोटोसाठी कुठे जायचं म्हटलं की आठवडाभर आधीपासून सूर्य कुठून उगवतो, कुठल्या कोपऱ्यातून लोकांनी काय काढलंय, गर्दी किती वाजता होते असला सगळा अभ्यास करणारा माणूस आहे, बायको त्याला लग्नाची तयारी म्हणते. आणि ह्या वेळी कॅमेरा पुण्यात कपाटात, कारण लग्नात फोटोग्राफर आहेच तर कशाला ओझं. हातात तीन वर्षांचा जुना फोन, चार्जर मामाच्या गाडीत चालत नाही, आणि कुठे काय बघायचं ह्याचा पत्ता नाही. मामीनं डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असं भरलं आणि सव्वासातला निघालो पण.

टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की पाट्या कानडी होतात, पण दोन्हीकडची शेतं तीच, तीच काळी माती, तीच गुडघ्याच्या वर आलेली ज्वारी. मामा म्हणाले १९५६ पर्यंत हे सगळं मुंबई राज्यातच होतं, मग त्यावर त्यांचं अर्धा तास भाषण झालं ते इथे देत नाही. मधे गाडीतच भाकरी चटणी खाल्ली. हे लक्षात ठेवा, चटणीचं पुढे काम आहे.

विजापूर जवळ आलं (२०१४ पासून अधिकृत नाव विजयपूर, पण आमच्या घरात कोणी ते घेत नाही) तेव्हा आमच्या पुढे उसाची ट्रॉली होती. डबल ट्रॉली, करकचून भरलेली, मागे लाल फडकं लावलेलं. मामा ओव्हरटेक मारायच्या नादात आणि एकदम त्या उसाच्या शेंड्यांच्या वर, धुरकट आभाळात, एक गोल. लाडवाएवढा. मी काच खाली करून हात बाहेर काढून दोन फोटो मारले, मामी मागून ओरडली हात आत घे म्हणून, तेवढ्यात ट्रॉली मागे पडली आणि घुमट कुठल्या तरी बिल्डिंगच्या मागे गेला. पहिला फोटो हा, आणि तो घ्यायला मी काहीच केलं नव्हतं, नुसती काच उघडी होती.

आत गेल्यावर पहिली फजिती. समोरून काढायला जावं तर घुमटाच्या बरोबर पुढे नक्कारखान्याची इमारत उभी आहे, त्यात आता म्युझियम आहे. म्हणजे बागेतल्या सरळ रस्त्यावर उभं राहून तुम्ही तो सिमेट्रिकल फोटो काढला की त्यात खाली म्युझियम आणि त्याच्या डोक्यावर घुमट, जणू म्युझियमनंच टोपी घातलीय. गूगलवर बघा, निम्मे फोटो असेच आहेत. मी ठरवलं हा फोटो आपण काढायचा नाही. कशाला? लाखभर लोकांनी काढलाय. मामांना मात्र नेमका तोच पाहिजे होता. शाळेची सहल घेऊन आलेल्या एका सरांच्या हातात फोन देऊन त्यांनी आम्हा तिघांना रांगेत उभं केलं, मी तोंड वाकडं करून उभा राहिलो.

मग म्युझियमला वळसा घालून पुढे जावं, तर दुसरी फजिती. जवळ गेलात की घुमटच गायब! भिंतीच्या वरच्या अंगाला दगडी तोड्यांवर इतका मोठा छज्जा बाहेर काढलाय की पायथ्याशी उभं राहिलं की त्याच्या वरचं काही दिसत नाही. एवढा जगप्रसिद्ध घुमट आणि त्याच्या दारात उभा राहून मी बघतोय एक चौकोनी खोकं, चार कोपऱ्यांना चार सात मजली अष्टकोनी मनोरे. फोनची ती अर्धा एक्सवाली वाइड लेन्स लावली तर समोरचे दोन्ही मनोरे आत झुकतात, देवळात गेल्यासारखे. सरळ करायला जावं तर कडा कापल्या जातात. आणि दगड काळसर करडा, वर डिसेंबरचं लख्ख आभाळ, फोन बिचारा दोन्ही सांभाळायला जातो आणि आभाळाला असला निळा रंग देतो की प्लॅस्टिकच्या बादलीचा वाटावा. मी आपला गुडघ्यावर बसून, मागे सरकून, झाडाच्या फांदीतून, सगळं करून बघितलं. चाळीसेक फोटो झाले. सगळे भिकार.

थोडं त्या इमारतीबद्दल सांगायला हवं नाहीतर मी एवढा का चिडलो ते कळणार नाही. ही मोहम्मद आदिलशहाची कबर, तोच ज्याच्या पदरी शहाजीराजे होते. १६२७ ते १६५६ त्याची कारकीर्द. आतमध्ये एकच हॉल, एका बाजूला साधारण ४१ मीटर, फरशी १,७०० चौरस मीटरच्या आसपास, आणि मधे एक खांब नाही. रोमच्या पँथिऑन ह्या जुन्या घुमटवाल्या देवळाच्या आतल्या जागेपेक्षा ही जास्त आहे. घुमटाचा व्यास बाहेरून ४४ मीटर, आतून ३८ च्या आसपास, म्हणजे बुडाशी भिंतच तीन मीटर जाड. आणि बांधणारा कोण म्हणून नाव सांगतात ते याकूत दाबुली, दाभोळचा! आमचं बाबांकडचं गाव दापोलीजवळ, त्यामुळे मी लगेच मामांना ऐकवलं की बघा, सोलापूरकरांना जमलं नाही, कोकणातून माणूस आणावा लागला. दाभोळ आदिलशाहीचं मोठं बंदर होतं, खाडीकाठी विजापुरी थाटाची घुमटवाली मशीद अजून उभी आहे, लहानपणी फेरीबोटीतून दिसायची. तेव्हा तिचा एक फोटो काढला नाही कधी.

आत शिरलो की डोळे पाच मिनिटं काही बघत नाहीत. मग हळूहळू वरचं दिसायला लागतं. चौकोनावर गोल बसवायचा कसा, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर वर आठ कमानींत लिहिलेलं आहे. दोन चौकोन घ्या, एक दुसऱ्यावर पंचेचाळीस अंशात फिरवून ठेवा, म्हणजे आठ टोकांची चांदणी होते, तशा ह्या कमानी एकमेकींत घुसत वर जातात आणि वर गोल तयार होतो. आजी तांदळाच्या पिठानं काढायची ती रांगोळी. हे मला फोटोत पाहिजेच होतं. सरळ खालून, मधोमध.

तर मधोमध जाता येत नाही. मधे चौथरा आहे, त्यावर बादशहाच्या, त्याच्या बायकांच्या, रंभा नावाच्या नर्तकीच्या, मुलीच्या आणि नातवाच्या कबरी, म्हणजे वरच्या नुसत्या खुणेच्या, खऱ्या खाली तळघरात. आणि त्याला कठडा. मग मी कठड्याला लागून फरशीवर रुमाल पसरला, त्यावर फोन उताणा ठेवला, तीन सेकंदांचा टायमर लावला आणि स्वतः फ्रेममध्ये येऊ नये म्हणून शेजारी सपाट आडवा झालो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, रुमालाला लागत नाही. मामा वरून वाकून, "काय करायलायस बे? चक्कर आली का?" त्यांचं डोकं आलंय एका फोटोत, अष्टकोनाच्या बरोबर एका कोपऱ्यात, प्रश्नचिन्हासारखं. पुढच्या फोटोत कबुतर. त्याच्या पुढचा मात्र आला. मधोमध नाही, जरा तिरका, एक कमान जवळची मोठी आणि समोरची लांब गेलेली, पण मला वाटतं मधोमध आला असता तर तो नुसता नक्षीचा पॅटर्न झाला असता, ह्याच्यात निदान कळतं की खाली कोणीतरी आडवं पडलंय.

मग जिने. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना, प्रत्येक मजल्यावर कमानीची खिडकी. मामीचे गुडघे लग्नात आधीच संपलेले, पण ती म्हणाली एवढं आलोय तर वर जाणारच. दर मजल्याला खिडकीशी थांबायचं, वारं घ्यायचं, पुढे. मी पण थांबायचो आणि थांबलो की खिडकीतून फोटो काढायचो, त्यामुळे माझ्याकडे एकाच मनोऱ्यातून विजापूर शहर हळूहळू खाली जातानाचे सात फोटो आहेत, पहिल्यात बाग आणि माणसं, शेवटच्यात नुसती गच्च्यांची आणि पाण्याच्या काळ्या टाक्यांची चादर. असं काही काढायचं माझ्या डोक्यातही नव्हतं, सगळं श्रेय मामीच्या गुडघ्यांना.

गच्चीवर आल्यावर पहिल्यांदा घुमट अंगावर येतो, बुडाशी दगडी कमळाच्या पाकळ्या, तुमच्यापेक्षा कितीतरी उंच. मी तिथे आजूबाजूला कोणी नाही बघून त्याला हात लावला. उन्हानं कोमट झालेला.

आणि आत ती गॅलरी. ३३ मीटर उंचीवर, घुमटाच्या आतून गोल फिरणारी, तीनेक मीटर रुंद. कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं, आवाज सात वेळा घुमतो असं सांगतात, कोणी दहा म्हणतं. जुनी माणसं ह्याला बोलघुमट म्हणायची ते उगाच नाही. आम्ही गेलो तेव्हा तीन शाळांच्या सहली एकदम आत होत्या. कुजबुज कसली, शिट्ट्या, आरोळ्या, कोणीतरी सारखं एकाच मुलीचं नाव घेऊन ओरडतंय आणि ते नाव घुमट बिचारा इमानदारीनं परत परत सांगतोय, ती मुलगी लाल होऊन भिंतीकडे तोंड करून उभी. मी आकडे मोजायचा प्रयत्न केला, पाचच्या पुढे काही कळेना. शिक्षक "सायलेन्स" म्हणून ओरडले तर ते सायलेन्स पण सात वेळा.

मग अचानक सगळ्या सहली जेवायला खाली गेल्या. पाच मिनिटं गॅलरी रिकामी. मामा पलीकडच्या टोकाला गेले, इतक्या लांबून त्यांचा पांढरा शर्ट तेवढा कळत होता. मामी इकडे. मामांनी तिकडे खिशातला कागद फाडला, गाईड लोक करतात तसं, आणि तो टर्रकन आवाज आमच्या कानाशी. मामी दचकलीच. मग मामा भिंतीला तोंड लावून काहीतरी बोलले. मला नीट ऐकू आलं नाही, मी दोन पावलं बाजूला होतो. मामीनं भिंतीला कान लावलेला, पदर डोक्यावर ओढून घेतलेला, एका दारातून उन्हाची पट्टी आलेली ती तिच्या हातावर, बांगड्यांवर. तिचं तोंड असं झालं की हसू की रागावू. मी तो फोटो काढला. नंतर विचारलं काय म्हणाले गं मामा, तर म्हणाली, "काही नाही, भाकरी उरल्यात का विचारत होते." खोटं बोलत होती, शंभर टक्के.

तो फोटो आहे त्यात गोलघुमट कुठेच नाही. नुसती चुन्याची पोपडे आलेली भिंत, त्यावर कोणकोणत्या बहाद्दरांनी कोरलेली नावं आणि बदाम, आणि मामीचा कान. पण कोणी मला विचारलं की गोलघुमट कसा आहे तर मी तोच दाखवतो. ती इमारत डोळ्यांनी बघायची नाहीच मुळी, कानानं बघायची आहे, आणि कानाचा फोटो काढायचा तर दुसऱ्याचा कान लागतो.

खाली उतरून मुलूख मैदान तोफ. बुरुजावर पडलीय ती, चारेक मीटर लांब, ५५ टन वजन, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती. १५४९ ला अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ ला तिथून इकडे आणली, चारशे बैल आणि दहा हत्ती लावून आणली म्हणतात. आणि इंग्रजांच्या काळात १८५४ ला तिचा भंगारात लिलाव काढला तर सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपये! मग लाज वाटून रद्द केला. मामांना हा किस्सा इतका आवडला की दिवसभर प्रत्येक वस्तूला "दीडशेत देतोस का" चाललेलं. तोफेचा फोटो काढायचा तर बाजूनं ती नुसती नळी दिसते, तोंडासमोर उभं राहायला पाहिजे, आणि तोफेच्या तोंडासमोर उभं राहताना, ती साडेतीनशे वर्षं बंद आहे हे माहीत असूनही, पोटात जरा होतंच.

जेवण कुठल्याशा खानावळीत, ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी, बेस्ट, पण त्यावर वेगळं लिहीन कधी.

इब्राहिम रोजाला पोचेपर्यंत चार वाजले होते आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायचीय, फोटोच्या हिशेबात इब्राहिम रोजा गोलघुमटाला कच्चा खातो. मोहम्मदच्या बापाची, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर, तो ज्याला लोक जगद्गुरू म्हणायचे, गाण्याबजावण्याचा वेडा. एकाच चौथऱ्यावर पूर्वेला कबर आणि पश्चिमेला मशीद, तोंडं समोरासमोर, मधे हौद. सडपातळ मिनार, दगडात कोरलेल्या अक्षरांच्याच जाळ्या खिडक्यांना, म्हणजे ऊन आत येतं ते आयतींमधून गाळून येतं. मशिदीच्या छज्जाला दगडी साखळ्या लोंबतायत, अखंड दगडातून कोरलेल्या. कुठूनही फोन उचला, फ्रेम तयारच. मशीद पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळचं ऊन तिच्या मिनारांच्या मधून येऊन कबरीच्या भिंतीवर पडतं, मधाच्या रंगाचं. मी येडा झालो होतो, इकडून तिकडे पळतोय.

आणि तेव्हा मामीनं फोन बघायला मागितला. दोन फोटो सरकवले आणि म्हणाली, "का रे, सगळं धुकं का आलंय?" फोन उलटा केला, लेन्सवर बोट फिरवलं, बोट वास घेऊन बघितलं. शेंगाची चटणी! सकाळी गाडीत खाऊन तेलकट बोटानं मी फोन खिशातून काढला असणार, आणि त्यावरून दिवसभर खिशात घासून घासून तेल पसरलेलं. गोलघुमट बाहेरून, गच्ची, तोफ, सगळं चटणीतून काढलेलं. मामीनं पदरानं दोनदा पुसलं आणि काचेसारखं लख्ख. उरलेल्या बारा टक्के बॅटरीत जे आलं ते चटणीविरहित.

परतीला बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहानं बापाच्या वरताण कबर बांधायला घेतली ती अर्धीच राहिली, नुसत्या काळ्या कमानींवर कमानी, वर छप्पर नाही, आभाळ. ती पूर्ण झाली असती तर तिची सावली गोलघुमटावर पडली असती म्हणून बांधणाऱ्यालाच मारलं अशी गोष्ट सांगतात, मला ती पटत नाही, पण उभं राहून ऐकायला छान वाटते. तिथे मी एकच फोटो काढू शकलो. मग फोन मेला आणि मी पंधरा मिनिटं नुसता बसलो. एक पोरगा कमानीखाली सायकलवर गोल गोल फिरत होता, सूर्य त्याच्या मागे, सावली लांबच लांब. तो फोटो नाही माझ्याकडे, म्हणून तर लिहून ठेवतोय.

घरी येऊन फॅमिली ग्रुपवर टाकले तर उसाच्या ट्रॉलीवाल्या फोटोखाली चुलतभावाचा मेसेज, एकदम ड्रीमी आलाय, कुठला फिल्टर वापरलास? म्हटलं 'नसले' नावाची शेंगाची चटणी, सोलापूरला किलोवर मिळते. मामीचा कानवाला फोटो मामांना दाखवला तर त्यांनी झूम करून करून बघितला, "ह्यात गोलघुमट कुठाय बे?"

दोनशे सतरा फोटोंपैकी मी ठेवले नऊ. यंदा दिवाळीत सोलापूरला गेलो तर हॉलमध्ये टीव्हीच्या वर लग्नाच्या फोटोशेजारी फ्रेम लावलेली, विजापूरची. मला क्षणभर वाटलं माझाच असणार. तर तो सहलीच्या सरांनी काढलेला. खाली आम्ही तिघं रांगेत, मागे म्युझियम, त्याच्या डोक्यावर घुमट, जरासा डावीकडे कललेला, कोपऱ्यात सरांचं बोट. आणि माझे डोळे मिटलेले.